खडकातले उरलेले तेल आणि एक चमचा मीठ

काही वर्षांपूर्वी वरणगावच्या एका शाळेत विज्ञान शिक्षकांच्या मेळाव्यात बोलण्याचा योग आला होता. विषय होता अब्जांश तंत्रज्ञान, म्हणजे नॅनोतंत्रज्ञान, आणि खनिज तेल. डोळ्यांना न दिसणारे वाळूच्या जातीचे कण पाण्यात मिसळून खडकात सोडले, तर एरवी खडकातच अडकून राहणारे तेल बाहेर येते, असे आम्ही फळ्यावर आकृत्या काढून उत्साहाने सांगितले. आमच्या प्रयोगशाळेत खडकाच्या तुकड्यातून शंभरातले दहाबारा भाग जास्तीचे तेल निघाले होते. तेही सांगितले.

भाषण संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका बाईंनी विचारले, "सर, तुम्ही हे कण कोणत्या पाण्यात मिसळले होते?"

"ऊर्ध्वपातित पाण्यात," आम्ही म्हणालो.

"पण बॉम्बे हायला तर समुद्राचंच पाणी असेल ना? आमच्याकडे पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो. तुमचे कण मिठानं खाली बसणार नाहीत का?"

आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. खरे उत्तर असे होते, की खाऱ्या पाण्यात आम्ही प्रयोग केलाच नव्हता. परतल्यावर तो केला. त्याचे काय झाले ते पुढे सांगतोच; पण बाईंचा प्रश्न किती मोलाचा होता हे कळण्यासाठी आधी तेल खडकात कसे राहते ते पाहावे लागेल.

तेलाची 'विहीर'

आपण 'तेलाची विहीर' म्हणतो आणि तिथेच विद्यार्थ्यांची फसगत होते. खानदेशातल्या मुलाला विहीर म्हटले की काठावरून डोकावल्यावर दिसणारे पाणी आठवते. तेलाचेही जमिनीखाली असेच एखादे तळे असेल, नळी घालून ते ओढून घ्यायचे आणि संपले की विहीर आटली, असे त्याला वाटते.

जमिनीखाली तळे नसते. तेल असते खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत. आपल्याकडचा काळा दगड या कामाचा नाही. त्यात पाणी साठते ते मुख्यतः भेगांमध्ये आणि सांध्यांमध्ये. तेल साठवणारे खडक वालुकाश्म किंवा चुनखडक या जातीचे असतात. भाजलेली वीट डोळ्यांसमोर आणा. कोरडी वीट पाण्यात टाकली की बुडबुडे निघतात आणि वीट पाणी पिते. तिच्या पोटात भरपूर पोकळी आहे, पण ती पोकळी केसाहून बारीक छिद्रांत वाटली गेली आहे. तेलाचा खडक असाच असतो. चांगल्या खडकात शंभर भागांतले वीसएक भाग पोकळी असते. त्या पोकळीतून जाणाऱ्या वाटा काही ठिकाणी इतक्या अरुंद असतात, की त्यांची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढीच असते.

आता भिजलेल्या विटेतले पाणी पिळून काढायचे आहे असे समजा. तेल काढणे हे तेवढेच अवघड काम आहे.

घाणी, ढेप आणि बॉम्बे हाय

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रतळाखालच्या चुनखडकात फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जहाजाने घेतलेल्या विहिरीत तेल लागले. २१ मे १९७६ रोजी तेथून उत्पादन सुरू झाले. हेच बॉम्बे हाय, आजचे मुंबई हाय.

सुरुवातीला तेल आपल्याच दाबाने वर येते. खडकातला दाब आणि तेलात विरघळलेला वायू त्याला वर ढकलतात. सोड्याच्या बाटलीचे झाकण काढल्यावर होते तसेच हे. पण दाब लवकरच उतरतो. मग दुसरा टप्पा सुरू होतो. काही विहिरींतून पाणी खाली दाबायचे, म्हणजे ते तेलाला पुढे ढकलत उत्पादन विहिरींकडे नेते. मुंबई हायमध्ये १९८४ पासून समुद्राचेच पाणी गाळून, शुद्ध करून खडकात दाबले जाऊ लागले. १९८९-९० च्या सुमारास तेथील उत्पादन वर्षाला २ कोटी टनांच्या आसपास पोहोचले. त्यानंतर ते उतरत गेले आणि आता त्याच्या निम्म्याहूनही खाली आले आहे. हे उत्पादन वाढावे म्हणून ओएनजीसीने जानेवारी २०२५ मध्ये बीपी या ब्रिटिश कंपनीची तांत्रिक मदतीसाठी निवड केली.

हे दोन्ही टप्पे संपले तरी जगातल्या तेलक्षेत्रांतून सरासरी मूळ साठ्याचा एक तृतीयांश भागच बाहेर येतो. दोन तृतीयांश खडकातच राहतो. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणावे लागते. तेव्हा जे तेल आपल्याच खडकात आहे, ज्याचा ठावठिकाणा माहीत आहे आणि जिथे विहिरीही खोदलेल्या आहेत, ते सोडून देणे कोणालाही जड जाणार.

जळगावच्या विद्यार्थ्याला हे समजायला सोपे आहे. घाणीतून तेल काढल्यावर ढेप उरते. तिच्यात तेल असते, म्हणून तर ती हाताला तेलकट लागते. घाणी कितीही आवळली तरी ते सुटत नाही. मग कारखानदार ढेपेवर द्रावक सोडतो आणि उरलेले तेल त्यात विरघळवून घेतो. दाब कामाला आला नाही, तेव्हा रसायनाचा उपयोग झाला. खनिज तेलातला तिसरा टप्पा याच विचाराचा आहे. गुजरातमध्ये मेहसाण्याजवळ बालोल आणि सांथल येथे जमिनीखालीच थोडे तेल जाळून उरलेले घट्ट तेल पातळ केले जाते. राजस्थानात बाडमेरजवळच्या मंगला क्षेत्रात पाण्यात बहुवारिक, म्हणजे पॉलिमर, मिसळून पाणी दाट करतात, म्हणजे ते तेलाला बगल देऊन पुढे पळत नाही. नॅनोकण हा याच टप्प्यातला नवा गडी आहे.

तेल अडते कोठे?

पाण्याच्या एवढ्या रेट्यापुढे तेलाचा थेंब टिकतो कसा? उत्तर पृष्ठताणात आहे.

तेलाचा एक थेंब एका पोकळीत बसला आहे. पुढची वाट अरुंद आहे, तिची त्रिज्या ५ मायक्रोमीटर. मागची बाजू रुंद आहे, त्रिज्या २० मायक्रोमीटर. अरुंद वाटेत शिरायचे तर थेंबाला आपले तोंड जास्त वक्र करावे लागते आणि त्याला दाब लागतो. तेल आणि पाणी यांच्यामधला पृष्ठताण मीटरला ०.०३ न्यूटन धरून विद्यार्थ्यांना गणित करू द्या. दोन्ही टोकांच्या दाबांतला फरक सुमारे ९,००० पास्कल येतो. थेंबाची लांबी मिलिमीटरचा दहावा भाग धरली, तर विहिरीपासून दूर पाण्याचा रेटा त्या लांबीवर दोनतीन पास्कलच भरतो. हवेत ९,००० आणि आहेत तीन. पंपाचा जोर दुप्पट केला तरी काय होणार?

याला दुसरी एक भर पडते. काही खडक पाण्याने भिजणे पसंत करतात, तर काही तेलाने. दोन कोरडे कौलाचे तुकडे घ्या. एकाला तेलाचा हात पुसा आणि दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब सोडा. कोऱ्या तुकड्यावर थेंब पसरून जिरतो. तेलकट तुकड्यावर तो मण्यासारखा उभा राहतो. लाखो वर्षे तेलाच्या सहवासात राहिलेला खडक बऱ्याचदा या दुसऱ्या तुकड्यासारखा झालेला असतो. तेथे पाणी छिद्रांच्या मधून निघून जाते आणि तेल भिंतींना धरून बसते.

म्हणजे उपाय दोनच. तेल आणि पाणी यांच्यामधला पृष्ठताण कमी करा, नाहीतर खडकाची आवड बदला. नॅनोकण मुख्यतः दुसरे काम करतात.

सहा गुंठ्यांचा चौकोनी खडा

एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आम्ही वापरत होतो ते सिलिकाचे कण १० नॅनोमीटरचे होते. सिलिका म्हणजे वाळू ज्या पदार्थाची बनते तोच पदार्थ. ज्या अरुंद वाटेचा वर उल्लेख केला, तिच्या त्रिज्येत असे ५०० कण एका ओळीत मावतील. म्हणजे जागेची अडचण नाही.

लहानपणाचा फायदा काय? एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे १० नॅनोमीटर बाजूचे घन केले, तर एकूण पृष्ठफळ ६०० चौरस मीटर होते. शेतकऱ्याच्या भाषेत जवळजवळ सहा गुंठे. बोराएवढ्या खड्यात सहा गुंठे पृष्ठभाग! पृष्ठभागावर चालणाऱ्या कोणत्याही कामाला असा पदार्थ उपयोगी पडणारच.

पाण्यात पसरलेले हे कण खडकाच्या भिंतीवर बसतात आणि भिंत पाण्याने भिजू लागते. शिवाय आणखी एक गोष्ट घडते. तेलाचा थेंब दगडाला जेथे चिकटलेला असतो, तेथे कडेला पाचरीसारखी अरुंद फट असते. अमेरिकेतील इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे दर्श वसन आणि अलेक्स निकोलोव्ह यांनी २००३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दाखवले, की अतिसूक्ष्म कण अशा फटीत शिरून नीट थर लावून बसतात. मागून येणारे कण त्यांना आत रेटतात आणि थेंब कडेने उचलला जातो. लाकूड फोडताना पाचर ठोकावी तसे हे आहे, मात्र ठोकणारा कोणी नाही. कणांची स्वतःची धावपळ, ब्राउनीय गती, हाच हातोडा.

जगभरातल्या प्रयोगशाळांत वालुकाश्माच्या तुकड्यांवर असे प्रयोग झाले आहेत. नुसत्या पाण्यापेक्षा शंभरात पाच ते पंधरा भाग जास्तीचे तेल मिळाल्याचे निष्कर्ष अनेकांनी नोंदवले आहेत. आमचाही आकडा त्यांतलाच होता. आकडा खोटा नव्हता. तो कोणत्या पाण्यातला, एवढेच आम्ही सांगितले नव्हते.

तापीच्या मुखाशी

आता बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. परतल्यावर आम्ही समुद्राच्या पाण्याइतके क्षार घालून पाणी तयार केले, त्यात तेच कण मिसळले आणि बाटली ९० अंशांच्या भट्टीत ठेवली. संध्याकाळी पाणी काचेसारखे स्वच्छ होते. सकाळी ते ताकासारखे पांढरे झाले होते आणि तळाशी साय जमली होती. हे पाणी खडकाच्या तुकड्यात सोडले, तेव्हा जास्तीचे तेल तर नाहीच, उलट वाटाच बुजल्या आणि पाणी पुढे सरकेना. ज्या कणांनी वाट मोकळी करायची, त्यांनीच गुठळ्या करून ती कोंडली.

असे का व्हावे? पाण्यात सिलिकाच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. सगळ्यांवर सारखाच भार असल्याने ते एकमेकांना दूर ठेवतात. शुद्ध पाण्यात हा दबदबा शंभरेक नॅनोमीटरपर्यंत पोहोचतो, म्हणजे कणाच्या आकाराच्या दसपट. पाण्यात मीठ आले, की सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे धनभारित आयन कणांभोवती गोळा होतात आणि त्यांचा भार झाकून टाकतात. समुद्राच्या पाण्यात हा दबदबा अर्ध्या नॅनोमीटरच्याही आत येतो. मग धावपळीत कण एकमेकांवर आदळतात आणि चिकटतात. उष्णतेने धावपळ वाढते. मुंबई हायच्या मुख्य तेलथरात तापमान १०० अंशांच्या वर आहे, तेव्हा तेथे हा खेळ आणखी वेगाने होणार.

हीच गोष्ट वरणगावपासून जवळच्या हतनूर धरणात अडत नाही इतका बारीक गाळही अनुभवतो. पुरात तापी जी काळी माती वाहून नेते, तिचे सर्वांत बारीक कण शेकडो किलोमीटर तरंगत जातात. सुरतेपुढे नदीचे पाणी समुद्राला भेटते, तेथे मीठ या कणांचा भार झाकते, त्यांच्या गुठळ्या होतात आणि गाळ खाली बसू लागतो. नदीच्या मुखाशी चिखलाचे सडे साठण्यामागे पाण्याचा वेग मंदावतो हे एक कारण आहे आणि मीठ हे दुसरे. बाईंच्या तुरटीतही हेच तत्त्व आहे, फक्त तिच्यातला अ‍ॅल्युमिनियमचा आयन तीन भारांचा असल्याने चिमूटभर तुरटी पुरते.

हा प्रयोग वर्गात जरूर करा. अर्धा चमचा काळी माती ग्लासभर पाण्यात ढवळा. दहा मिनिटांनी वरचे गढूळ पाणी दोन सारख्या बाटल्यांत ओता. एका बाटलीत एक चमचा मीठ घालून हलवा आणि दोन्ही बाटल्या रात्रभर ठेवा. मिठाची बाटली निवळलेली दिसेल, दुसरी गढूळच राहील. एक सूचना मात्र लक्षात ठेवा. आपल्या भागातल्या विहिरींचे पाणी जड असते. त्यात आधीच कॅल्शियम असल्याने दोन्ही बाटल्या निवळतील आणि प्रयोग फसल्यासारखे वाटेल. म्हणून पावसाचे पाणी किंवा बॅटरीत घालायचे पाणी घ्या. फसलेला प्रयोगही टाकून देऊ नका. तो विहिरीच्या पाण्याबद्दल काहीतरी सांगतो आहे.

सहा भारत आणि दोन जिल्हे

मिठाचा बंदोबस्त केला तरी एक अडचण उरते. तिचे गणितही वर्गात करण्याजोगे आहे.

एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद आणि १० मीटर जाड असा खडकाचा थर घेऊ. म्हणजे १ कोटी घनमीटर खडक. त्यात २० टक्के पोकळी धरली, तर पोकळी २० लाख घनमीटर आणि घट्ट भाग सुमारे २.१ कोटी टन. वालुकाश्माच्या दर ग्रॅममागे आतल्या भिंतींचे क्षेत्रफळ १ चौरस मीटर धरले, तर सगळ्या भिंती मिळून २.१ कोटी चौरस किलोमीटर होतात. भारताच्या क्षेत्रफळाच्या सहापटींहून अधिक.

आता पोकळीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे, सुमारे ६ लाख घनमीटर पाणी आत सोडू आणि दर घनमीटरला अर्धा किलो कण घालू. कण लागले ३०० टन, म्हणजे दहा टनी तीस ट्रक. १० नॅनोमीटरचे हे सगळे कण एकाशेजारी एक मांडले, तर झाकतील सुमारे २०,००० चौरस किलोमीटर. जळगाव आणि आजचा धुळे हे दोन जिल्हे झाकले जातील एवढेच. एका बाजूला सहा भारत, दुसऱ्या बाजूला दोन जिल्हे!

म्हणजे कण भिंतींना लगेच चिकटत गेले, तर ते विहिरीच्या तोंडाशीच संपतील आणि दूरच्या तेलापर्यंत पोहोचणारच नाहीत. चिकटले नाहीत, तर भिंतीची आवड बदलणार नाही. मुठीएवढ्या तुकड्यावर हा पेच दिसत नाही, कारण तेथे प्रवास बोटभर लांबीचा असतो. खडकाच्या जातीनेही फरक पडतो. वालुकाश्माची भिंत सिलिकासारखीच ऋणभारित असते, म्हणून ती सिलिकाच्या कणांना काहीसे दूर ठेवते. चुनखडकाच्या भिंतीवर बहुधा धनभार असतो आणि ती त्यांना ओढून घेते. मुंबई हायचा मुख्य तेलथर चुनखडकाचा आहे. वालुकाश्मातला यशस्वी आकडा तेथे जसाच्या तसा लावता येत नाही.

मग काम थांबले का?

नाही. कणांवर बहुवारिकाच्या साखळ्या केसांसारख्या उगवता येतात. भार झाकला गेला तरी हे केस दोन कणांना एकमेकांजवळ येऊ देत नाहीत. अशा कणांपैकी काही खाऱ्या आणि तापलेल्या पाण्यात दीर्घकाळ टिकतात असे दिसले आहे. सौदी अरेबियात अराम्को कंपनीने २०१० मध्ये घवार तेलक्षेत्राच्या चुनखडकात सुमारे १० नॅनोमीटरचे, प्रकाशाने चमकणारे कार्बनी कण एका विहिरीतून आत सोडले आणि त्याच विहिरीतून परत घेतले. बहुतेक कण परत आले. त्यांनी जास्तीचे तेल काढले नाही. ते काढण्यासाठी सोडलेलेही नव्हते. आत जाऊन, उष्णता आणि मीठ सोसून ते परत येतात का, एवढेच पाहायचे होते. प्रश्न लहान ठेवल्यामुळे उत्तर पक्के मिळाले.

आमचे स्वतःचे काम आता याच वाटेने चालले आहे. नवा कण हाती आला, की आधी तो खाऱ्या पाण्यात घालून भट्टीत ठेवायचा. तेथे टिकला तरच खडकात सोडायचा. या चाळणीतून फार थोडे कण पार होतात आणि आकडेही पूर्वीसारखे टाळ्या मिळवणारे येत नाहीत. पण आता ते सांगताना कोणत्या पाण्यातले, कोणत्या खडकातले, किती तापमानाचे, हे आम्ही सोबत सांगतो.

मोठमोठी यंत्रे असलेल्या प्रयोगशाळेत जे सुचले नाही, ते वरणगावच्या एका बाईंना घरातल्या तुरटीवरून सुचले. त्यांनी आकृतीवर किंवा आकड्यावर शंका घेतली नव्हती, फक्त पाणी कोणते ते विचारले होते. आपल्या वर्गात एखादा मुलगा किंवा मुलगी असा प्रश्न विचारील, तेव्हा आमच्यासारखे गुळमुळीत उत्तर देऊ नका. दोन बाटल्या आणा, एक चमचा मीठ घ्या आणि सकाळपर्यंत वाट पाहा.